एकोणचाळीस बटणं

सोमवार, ३

आले एकदाची. दहाच्या सुमाराला बस लागली तर धाकटी स्टँडवर हजर, दवाखान्यातला हिरवा डगला अंगात तसाच. दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस आहे ती. दोन पेशंटच्या मधल्या फटीतून पळत आली होती. माझी मोठी बॅग उचलताना म्हणाली, ताई, विटा भरून आणल्यास की काय. विटा नाहीत, शब्दकोश आहेत. सतरा वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. छापखाना बंद पडला, कोश मात्र सोडवेनात.

घर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, दाराबाहेर चार बिऱ्हाडांत मिळून एक लांब बोळ. माझ्या खोलीला रस्त्याकडची खिडकी आहे. खाली फुटपाथ, पलीकडे बसथांबा, त्यामागे मोकळं मैदान आणि मैदानाच्या टोकाला पाण्याची उंच टाकी. एवढं आभाळ मला बऱ्याच दिवसांत मिळालेलं नाही. धाकटीने पडदे धुऊन लावलेत, टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली पुठ्ठा घातलाय. दुपारी बसून मी तो पुठ्ठा काढला आणि नीट घडी करून परत घातला. खोड जात नाही.

उद्यापासून नोकरी. व्हिडिओ गेम खेळायचा. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, बरं आहे, लहानपणी आम्ही खेळू दिलं नाही त्याची भरपाई.

मंगळवार, ४

ऑफिस गाद्यांच्या गोदामाच्या वर आहे. जिना चढताना कापसाचा वास येतो. चौदा माणसं, सगळ्यांच्या कानांवर हेडफोन, त्यामुळे खोलीत वर्गात परीक्षा चालू असल्यासारखी शांतता. कंपनीच्या मॅडम भराभर बोलतात. त्यांनी काम समजावून सांगितलं ते असं.

गेम काऊबॉयचा. कोरडा मुलूख, लाल कडे, निवडुंग, घोडे, पिस्तुलं, एक रेल्वेलाईन आणि लाकडी घरांचं एक गाव. खेळणारा वाटेल तिकडे भटकू शकतो. या मुलुखात चाळीस पितळी बटणं लपवलेली आहेत. गोष्ट अशी की एका बंदूकबाजाला गावाने फासावर दिलं आणि त्याच्या लांब कोटाची बटणं लोकांनी आठवण म्हणून तोडून नेली. चाळीसच्या चाळीस गोळा करील त्याला तो कोट मिळतो. बटणं ज्याने लपवली तो चित्रकार नोकरी सोडून गेला आणि त्याच्याबरोबर यादीही गेली. महिनाअखेर गेम बाजारात येणार. तोवर मी सगळी शोधायची, जागा लिहून ठेवायच्या, प्रत्येक बटण उचलता येतं की नाही ते पाहायचं. माझ्याआधी एक गडी होता, तो मध्येच सोडून गेला.

शेजारी मास्तर बसतो. प्रोग्रॅमर आहे, पण विचारलं नाही तरी समजावून सांगतो म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणतात. त्याने मला घोडा शिकवला. पहिला तासभर माझा घोडा एका भिंतीत डोकं खुपसून चालत होता. मास्तर म्हणाला, सगळ्यांचाच चालतो.

शुक्रवार, ७

पद्धत बसली. कागदावर मुलुखाचा नकाशा काढून त्याचे चौकोन पाडले. एकेक चौकोन कडेकडेने, मग आडवा, मग उभा. ओळीखाली पट्टी धरून वाचायचे तसंच. बटण जवळ असलं की कानात बारीक टिक असा आवाज येतो, शिंप्याची कात्री पुरी मिटताना येतो तसा. सहा सापडली. एक विहिरीच्या बादलीत, एक गुत्त्यातल्या पियानोच्या आत, एक मेलेल्या बैलाच्या कवटीत, डोळ्याच्या खोबणीत. ते पाहून मी ऑफिसात एकटीच मोठ्याने हसले.

बारीकशी कटकट एकच. पडद्यावर दूरच्या कड्यावर माशीच्या घाणीएवढा काळा ठिपका आहे. रुमालाने पुसला. गेला नाही. बटण उचलून दुसऱ्या चौकोनात गेले तर तिकडच्या कड्यावरही तोच. शाईचा ठिपका मला चालत नाही, कुठेच नाही.

सोमवार, १०

अकरा झाली. तो ठिपका नाही, माणूस आहे. लांब कोट घातलेला, आपल्याकडे पाठ करून उभा. चित्रात भर म्हणून घातला असेल, पण मग सगळीकडे कसा? चुकांच्या यादीत मी लिहिलं, दूरवर पाठमोरी आकृती दिसते, जागा बदलली तरी राहते, तपासावे.

मास्तरने खुर्ची सरकवली. मी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. तो वाकून बघत राहिला आणि म्हणाला, इथे तर खडक आहे. मी म्हटलं, खडकावर. तो म्हणाला, खडकावर निवडुंग आहे. मग मला वाईट वाटू नये म्हणून सगळ्या फाइली उघडून पाहिल्या. असा माणूस गेममध्ये नाही. लांब कोट आहे, पण बक्षिसाचा, तो नुसताच खुंटीला टांगलेला.

गुरुवार, १३

सकाळी डोळे तपासून घेतले. चष्म्याच्या दुकानातल्या बाई म्हणाल्या, तुमच्या वयाला इतके चांगले डोळे बघायला मिळत नाहीत, शेवटची ओळही वाचलीत. शेवटच्या ओळीखाली छापखान्याचं नाव होतं. तेही मी वाचलं होतं.

सतरा. माणूस आता कड्यावर नाही, कड्याखाली आहे. परवा तर नक्की वर होता. कोटाची मागची शिवण दिसते. मान थोडी डावीकडे कललेली. कुणाचं तरी बोलणं ऐकत असल्यासारखी.

धाकटीला सांगितलं. ती म्हणाली, दिवसभर पडद्यात डोळे घालून बसतेस, शनिवारी तुला उन्हात फिरवून आणते.

शनिवार, १५

फिरायला गेलो. मैदानात मुलं चेंडू खेळत होती. धाकटी दवाखान्यातले किस्से सांगत होती. एका आजोबांनी हरवू नये म्हणून कवळी रुमालात गुंडाळून कोटाला टाचली होती म्हणे. मी हसत होते आणि सहज पलीकडे पाहिलं.

पाण्याच्या टाकीखाली माणूस उभा होता. लांब कोट. पाठमोरा.

कुणी पाण्याच्या खात्यातला असेल. उन्हात कोट कशाला, असं मनात आलं आणि तिथेच तो विचार मिटवला. धाकटीला विचारलं, टाकीखाली कोण आहे गं. ती कपाळावर हात धरून बघत राहिली. म्हणाली, कुठे काय.

काल एकविसावं बटण उचललं होतं.

मंगळवार, १८

हे नीट लिहून ठेवते, म्हणजे मला मागाहून वाचता येईल.

रविवारी दिवसभर खिडकीत बसले. तो टाकीखाली. सोमवारी मुद्दाम एकही बटण उचललं नाही, नुसते चौकोन फिरले. एक बटण समोर दिसलं तेही सोडलं. संध्याकाळी तो टाकीखालीच, तिळभर हललेला नाही. आज सकाळी तेच बटण उचललं, पाठोपाठ आणखी पाच. दुपारी घरी आले. तो मैदानाच्या मधोमध. मुलांचा चेंडू त्याच्या अंगावरून गेला आणि पलीकडे जाऊन पडला. चेंडू आणायला पळालेला पोरगा सरळ रेषेत न जाता त्याला वळसा घालून गेला. का वळला ते त्यालाही ठाऊक नसणार.

म्हणजे मी उचललं की तो येतो. नाही उचललं की थांबतो. हे मला डोक्याने कळलं तेव्हा साडेतीन वाजले होते आणि मी भांडी घासत होते. मी ती सगळी परत एकदा घासली.

सत्तावीस झाली आहेत.

शुक्रवार, २१

थांबायला हवं होतं. मॅडमनी बुधवारी सगळ्यांसमोर विचारलं, किती राहिली. मी म्हटलं, तेरा. त्या म्हणाल्या, आठवड्यावर आलंय, तुमच्यावर भिस्त आहे. सतरा वर्षांत माझ्यामुळे छपाईचा एकही फर्मा अडला नव्हता. मी मान खाली घालून कामाला लागले.

आणि खरं सांगायचं तर मॅडमचा काही दोष नाही. नकाशावर मोकळे राहिलेले चौकोन मला बघवत नाहीत. जेवताना दिसतात, दात घासताना दिसतात. कानात टिक झालं की बोट आपोआप जातं.

बत्तिसावं उचललं तेव्हा तो बसथांब्यावर होता. लोक बाकावर बसलेले, हा त्यांच्यात उभा, रस्त्याकडे पाठ करून. चौतिसाव्याला आमच्या फाटकाशी. आज पस्तिसावं. तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर आहे. मला त्याच्या बाजूने वर यावं लागलं. कोटाला वास येतो. कोरडी धूळ आणि घोड्याच्या अंगाचा घाम. गेममध्ये वास नसतो.

शनिवार, २२

काल मास्तरला आधीच्या गड्याबद्दल विचारलं. तो म्हणाला, एकतीसवर सोडलं त्याने, इथून दोन गल्ल्यांवर किल्ल्या बनवतो. आज गेले.

दुकान म्हणजे कपाटाएवढी जागा. तिशीतला माणूस, स्टूल अगदी मागच्या भिंतीला टेकवलेलं आणि पाठ भिंतीला. मी काही विचारायच्या आधी त्याने माझ्याकडे बघितलं आणि मशीन बंद केलं. त्याने विचारलं, "किती झाली?"

मी सांगितलं, पस्तीस, जिन्यात आहे.

तो बराच वेळ किल्ल्यांचा जुडगा नीट लावत बसला. मग जे बोलला ते जसंच्या तसं लिहिते. "मी एकतीसवर थांबलो, बाई. माझा समोरच्या फुटपाथवर आहे. दोन वर्षं झाली, त्याहून जवळ आलेला नाही. लग्न झालं माझं, तेव्हाही हॉलबाहेर होता, तेवढ्याच अंतरावर. सवय होते. रस्त्यावरच्या खांबाची होते तशी. फक्त पाठ मोकळी ठेवून बसवत नाही. तुम्ही पस्तीसवर थांबा. जिन्यात आहे ना? मग जिन्यात असू दे."

मी विचारलं, चाळीस झाली तर. तो म्हणाला, तेव्हा तो वळेल असं मला वाटतं, पण बघायला कोण जातंय.

निघताना त्याने मला पाणी दिलं. मी पिऊन होईपर्यंत पेला त्यानेच धरला. कोणीतरी आहे, एवढ्याने मला इतकं बरं वाटलं की बाहेर येऊन मी रडले.

ठरलं. पस्तीसवर पूर्णविराम.

सोमवार, २४

मॅडमना सांगितलं की उरलेली पाच मला सापडत नाहीत. त्यांनी रागावायला हवं होतं. उलट म्हणाल्या, तुम्ही थकलेल्या दिसता, गेमचं मशीन घरी घेऊन जा, बसल्या बसल्या बघा. मी नको म्हणत असताना मास्तरने खोक्यात भरून गाडीवरून घरी आणून दिलं, जोडूनही दिलं. जाता जाता जिन्यात त्या कोटवाल्याच्या शेजारी थांबून मास्तरने बुटाची नाडी बांधली.

खोकं न उघडता तसंच ठेवलं असतं, पण जोडलेलं समोर. चौकोन पाच मोकळे.

मंगळवार, २५

छत्तीस आणि सदतीस.

नुसतं बघायला म्हणून लावलं होतं. हवं तर कुठल्याही देवाची शपथ घेते. रेल्वेच्या पुलाखालून चालले होते, टिक झालं आणि बोट गेलं. पुढचं त्याच पुलाच्या दुसऱ्या टोकाला होतं. एक घेतलं आणि एक सोडलं, असं कसं—

अडतिसावं मात्र कळून सवरून उचललं. ते मी इथे लिहून ठेवते. कबुली म्हणून.

तो दाराबाहेर बोळात आहे. शेजारच्या काकू त्याच्या अंगाशी टोपली ठेवून कपडे वाळत घालत होत्या.

धाकटी कामावरून आली ती भिंतीला अंग घासत, आडवी होऊन दारातून आत शिरली. तिला विचारलं, अशी का चाललीस. म्हणाली, कशी?

बुधवार, २६

अंगात ताप. धाकटीने सुट्टी घेतली. कपाळावर पट्ट्या ठेवल्या, लहानपणी मी तिच्या ठेवायची तशा. मशीनचं काय ते सारखं पुटपुटत होते म्हणे. तिला सगळं सांगितलं. बटणं, टाकी, किल्लीवाला, दाराबाहेर कोण आहे ते. ती माझा हात धरून ऐकत होती. हसली नाही. मध्येच उठून दार उघडून बोळात बघून आली आणि दार लावून कडी घातली. म्हणाली, ताई, झोप आता, मी आहे.

गाढ झोप लागली. जाग आली ती आवाजाने.

टिक.

धाकटी पुढच्या खोलीत जमिनीवर मांडी घालून बसली होती, हातात कंट्रोलर. माझा नकाशा मांडीवर. तिला वाटलं होतं, उरलेली दोन सापडली की माझा घोर संपेल. तोंडभर हसून म्हणाली, "चर्चच्या घंटेत होतं बघ, ताई. तुला नाही मिळालं, मला मिळालं. आता एकच राहिलं."

मी तिच्या हातातून ते हिसकावून घेतलं. तिला ढकललं. कधी नव्हे ते ढकललं. ती आडवी झाली आणि माझ्याकडे बघत राहिली. तिच्या मागे, कपाट आणि भिंत यांच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून—

मशीनची वायर काढली. खोक्यात घातलं. धाकटी रडतेय. मी तिची माफी मागितली, पण नजर तिच्यावर ठरत नव्हती.

गुरुवार, २७

जिथे जाते तिथे. ज्या खोलीत मी, त्या खोलीच्या कोपऱ्यात. स्वयंपाकघरात आले तर ओट्यापाशी. दोन हातांवर. चालताना दिसत नाही. मान वर करावी तर आहेच.

मान ऐकण्यासाठी कललेली नाही. तुटलेली आहे. कॉलरच्या वर गळ्याभोवती काळी खूण, दोराच्या पिळासकट. केस धुळीने माखलेले. कोट पुढून कसा आहे ते दिसत नाही.

धाकटी डॉक्टर बघू म्हणते. मी हो म्हटलं. परवा नेणार आहे. मी स्वतःशी म्हणतेय, सवय होते, खांबाची होते तशी. आज दुपारी पाच मिनिटं त्याच्याकडे पाठ करून भाजी चिरली. पाच मिनिटं जमलं. उद्या सहा.

एकोणचाळीस. चाळिसावं मला सापडलेलं नाही. कुठल्या चौकोनात असेल तेही बघायचं नाही. नकाशा फाडला. चाळिसावं राहू दे, जगाच्या अंतापर्यंत राहू दे. मी जगेन अशी.

शुक्रवार, २८ — सकाळी ११

मास्तरचा निरोप आला. उतरवून घेते.

चाळिसावं कुणालाच मिळत नाहीये, बहुतेक मूळ चित्रकाराने ठेवलंच नाही. काळजी करू नका. आजच्या दुरुस्तीत ते आम्ही सगळ्यांच्या गेममधल्या पिशवीत थेट टाकतोय. दुपारी चारला आपोआप होईल. सकाळी आधीच्या गड्याच्या जुन्या खात्यात राहिलेली सगळी भरून चालवून पाहिलं, छान चाललं. तुमची एकोणचाळीसची मेहनत वाया जाणार नाही, कोट मिळणार. अभिनंदन.

किल्लीवाल्याकडे निघाले.

१२.२०

दुकान उघडं. मशीन चालू, घरघरतंय. पकडीत अर्धी कापलेली किल्ली. स्टूल दुकानाच्या मधोमध. भिंतीपासून लांब.

तो नाही.

शेजारचा छत्रीवाला म्हणाला, आत्ता होता, चहाला गेला असेल. ओरडला वगैरे नाही. कुणाशी तरी हळू बोलत होता. काय बोलत होता विचारलं. तो म्हणाला, थांबा, वळू नका, असं काहीतरी.

मी मशीन बंद केलं.

१.४५

ऑफिसला कुलूप. सगळे कार्यक्रमाला गेलेत, गेम बाजारात येतोय म्हणून. मॅडमनी फोन घेतला. मागे गाणी, टाळ्या. मी म्हटलं, थांबवा, माझं खातं पुसून टाका, मला कामावरून काढा. त्या म्हणाल्या, आता ते कुणाच्या हातात नाही हो, आपोआप होतं. घरी जाऊन पडा. गेमच्या शेवटी तुमचंही नाव येणार आहे.

मास्तर फोन उचलत नाही.

२.५०

घरी जायचं नाही. धाकटी साडेतीनला सुटते. ती येईल तिथे मी नको.

मैदानात आले. टाकीच्या बाजूला, उघड्यावर. आज मुलं नाहीत. गवतात बसलेय. तो माझ्यापुढे, दोन हातांवर. वारा आहे पण कोट हलत नाही.

धाकटीला निरोप धाडला — आज मैत्रिणीकडे जा, घरी येऊ नकोस, मी बरी आहे. बरी आहे असं लिहायला नको होतं. ती मला ओळखते.

३.३०

लिहीत राहिलं की मान वर करावी लागत नाही. काय लिहू. शिवणीचे टाके मोजले. मागे, मधल्या शिवणीला, एकशे बारा. कॉलरजवळ दोन सुटलेत. मला ते टाके सुटलेले बघवत नाहीत — आताही —

पळून पाहिलं. रस्त्यापर्यंत. तिथेही दोन हातांवर. परत आले. इथे निदान कुणी नाही.

३.५१

फोन वाजतोय. धाकटी. घेतला नाही. परत वाजतोय.

३.५५

रस्त्याकडून कुणीतरी येतंय. हिरवा डगला.

खिडकीतून दिसले असेन मी. मी हात केला, जा म्हणून. तिला वाटलं, बोलावतेय. तीही हात हलवतेय. पळत येतेय, दवाखान्यातल्या चपला घालूनच.

ओरडले. वारा उलटा आहे. नाही पोचत.

उठून तिच्याकडे जावं तर हाही पुढे — माझ्या आणि तिच्या मध्ये —

३.५९

ती समोरून येतेय. माझ्यासमोरून, म्हणजे त्याच्याही. त्याचं तोंड तिच्याकडे आहे.

तिला दिसत नाही. कधीच दिसलेला नाही. ती माझ्याकडेच बघतेय, हसतेय, रागावलेलं हसू —

चार

धाकटी थांबली.

हात वर होता तो हळूहळू खाली आला. माझ्याकडे बघत नाही. माझ्या थोडं अलीकडे बघतेय. थोडं वर. तोंड उघडं —

तिला दिसतोय. तिला पुढून दिसतोय.

टाचा वळताहेत. माझ्याकडे — गवतात आवाज — धाकटे, डोळे मीट, धाकटे, मी बघते त्याच्याकडे, तू नको, मी